डबलबारीच्या १४० कॅसेटी: तीन घरांत प्रती कशा ठेवाव्यात?

कणकवलीकर
नमस्कार मंडळी. बाबांनी १९८८ पासून जत्रांमधल्या डबलबाऱ्या, म्हणजे दोन बुवांचे भजनाचे सामने, टेप केले. दोन पावसाळे खपून, बुरशी पुसत पुसत त्या कॅसेटी मी संगणकावर घेतल्या. ६० जीबी भरल्या. एका फुकट साइटवर चढवल्या होत्या, ती महिन्याभराच्या नोटिशीवर बंद झाली. ध्वनी माझ्याकडे आहे, पण बुवा कोण, पखवाजाला कोण, बारी कुठल्या देवळात झाली हे लोकांनी खाली लिहिलेलं सगळं गेलं. लिहिणाऱ्यांतले दोघे आज हयात नाहीत.

आता कुठल्याही कंपनीच्या भरवशावर राहायचं नाही. मी गावी, बहीण डोंबिवलीत, भाऊ मस्कतला. तिघांकडे पूर्ण प्रत हवी. गावात लाइट वरचेवर जाते. काय वापरू?

नेटकर_पुणे
सिंकथिंग. वेगवेगळ्या यंत्रांवरचे फोल्डर सारखे ठेवणारा प्रोग्राम. मुक्त स्रोत आहे, २०१३ पासून चालू आहे. प्रत्येक यंत्राला एक लांबलचक ओळख क्रमांक मिळतो. दोघांनी एकमेकांचा क्रमांक घातला की जोडणी होते. फाइली मधे कुठे साठत नाहीत, थेट या घरातून त्या घरात जातात. लाइट गेली तर काळजी नको, राहिलेले तुकडे नंतर उतरतात. मात्र निदान दोन यंत्रं एकाच वेळी चालू लागतात. तुमचा इंटरनेटवाला अनेक गिऱ्हाइकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवत असेल, तर थेट वाट मिळेलच असं नाही. मग रिलेवरून, म्हणजे मधल्या तिसऱ्याच सर्व्हरवरून, जातं. ते हळू असतं, पण मजकूर कुलूपबंद असतो, रिलेवाल्याला वाचता येत नाही.

मीरा_बंगळूर
एक सांगते, कारण मी यात लग्नाचे फोटो घालवलेत. हा बॅकअप नव्हे! तुम्ही चुकून फाइल पुसलीत की तिघांकडची पुसली जाते. बहीण-भावाच्या यंत्रांवर जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय आजच चालू करा. शिवाय एक हार्ड डिस्क कपाटात, वायर काढून.

सह्याद्री७९
बाकीच्या रसिकांसाठी टोरंट करा. मॅग्नेट दुवा दिला की ज्याच्याकडे प्रत आहे तो पुढच्याला देतो. आयपीएफएस या फाइली वाटून ठेवणाऱ्या जाळ्याबद्दलही कुणी सुचवेल. त्यात पत्ता फाइलीच्या मजकुरावरूनच ठरतो, हे मला फार आवडतं. पण कुणीतरी ती फाइल आपल्या यंत्रावर पिन करून, म्हणजे कायम राखून, ठेवावीच लागते, नाहीतर पत्ता उरतो आणि फाइल मिळत नाही. कुठलाही मार्ग घ्या, चार माणसांनी यंत्र चालू ठेवायला हवं. मी एक. माझा जुना लॅपटॉप रात्रंदिवस चालू असतो.

कणकवलीकर
आभार. दोन फोल्डर केले. ‘ध्वनी’ माझ्याकडून फक्त पाठवायचा, ‘माहिती’ तिघांनी लिहायचा, दर कॅसेटीला एक साधी मजकूर फाइल. मस्कतची जोडणी रिलेवरूनच आहे, रात्रभरात चार कॅसेटी गेल्या. डोंबिवलीला ३१ पोचल्या. बहिणीने १७ नंबरच्या फाइलीत लिहिलंय: ‘पेटी बाबांची. मधे खोकतात तेही त्यांचंच.’

सह्याद्री७९, टोरंट रविवारी करतो. दुवा इथेच टाकेन.