रिव्हर्स कॅमेरा बसवला, पण स्क्रीनवर नुसतं 'नो सिग्नल'

शहापूरकर:
2013 ची वॅगनआर. अँड्रॉइड स्क्रीन आधीच बसवून घेतली होती, कॅमेरा तेवढा आता ऑनलाइन मागवून स्वतःच लावला. आमच्या बोळात गाडी उलटीच घालावी लागते, एकीकडं गटार, दुसरीकडं पॉवरलूमवाल्यांची पायरी. कॅमेऱ्याची लाल तार रिव्हर्स लाइटच्या प्लसला, काळी डिकीच्या दाराच्या बोल्टला. पिवळी व्हिडिओ केबल दाराच्या पट्टीखालून पुढं आणली. रिव्हर्स टाकला की स्क्रीन बदलते, पण निळी होऊन 'नो सिग्नल'. दुकानदार म्हणूलालाय, स्क्रीनच गेली. खरं काय?

टिळकवाडी_स्विफ्ट:
पिवळी पिन मागनं घट्ट बसली काय बघा. नाहीतर सरळ रिव्हर्स पार्किंगचे सेन्सर लावून मोकळे व्हा. 1 जुलै 2019 पासून बनलेल्या गाड्यांना ते सक्तीचेच आहेत, तुमची त्याआधीची.

खानापूर_वायरमन:
सेन्सर गटार दाखवत नाही हो. शहापूरकर, स्क्रीन बिचारी चांगली आहे. रिव्हर्सला ती बदलते, म्हणजे ट्रिगरची तार, रिव्हर्स पडला हे स्क्रीनला सांगणारी, बरोबर लागली आहे, तिकडं हात लावू नका. बदललीच नसती तर ट्रिगर शोधत बसलो असतो.

आता आधी करंट बघा. हॅन्डब्रेक ओढा, इंजिन बंद, किल्ली ऑन, गिअर रिव्हर्सला. मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवून कॅमेऱ्याच्या प्लगवरच लाल आणि काळी मोजा. बारा-साडेबारा यायला पाहिजे. नाही आलं तर माझा संशय त्या बोल्टवर. दाराला रंग असतो, रंगावर अर्थिंग धरत नाही. मी तर बोल्टच्या नादालाच लागत नाही, दिव्याच्याच काळ्या तारेला जोडतो.

करंट आहे आणि चित्र नाही, तर सेटिंग. चित्र पाठवायच्या दोन पद्धती. हल्लीचे कॅमेरे बरेचसे एएचडी, म्हणजे जास्त स्पष्ट चित्राचे असतात आणि स्क्रीन जुन्या साध्या सीव्हीबीएसवर ठेवलेली असते. दोघांचं जमलं नाही की कधी चित्र काळंपांढरं पळतं, कधी नुसतं 'नो सिग्नल'. कॅमेऱ्याच्या खोक्यावर काय लिहिलंय ते बघून स्क्रीनमध्ये तेच निवडा. काही स्क्रीनमध्ये हे फॅक्टरी सेटिंगच्या आत असतं, पासवर्ड मागते. तो ज्यानं बसवली त्याच्याकडनं घ्या.

आणखी एक, विचारलं नाही तरी सांगतो. केबल डिकीच्या दारातून बॉडीत त्या रबरी नळीतूनच न्या. बाहेरनं नेली की दार उघडता-मिटता चेंगरते आणि पाणी आत येतं ते वेगळंच. जॉइंट सोल्डर करून श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी, घाला. नुसती पिळून काळी टेप मारली तर एका पावसाळ्यात तांबं हिरवं पडतं. आमच्या जांबोटी-कणकुंबीकडं तर विचारूच नका. आणि लाल तारेत 1 अँपिअरचा फ्यूज टाका.

शहापूरकर:
बोल्टवर कधी 4, कधी 9 व्होल्ट. अर्थिंग दिव्याच्या तारेला घेतलं, 12.3 आलं, तरी निळंच. मग एएचडी 720 केलं आणि पायरी लख्ख दिसली! पण गटार डावीकडं आहे ते स्क्रीनवर उजवीकडं येतंय.

खानापूर_वायरमन:
मिरर सेटिंग. आधी स्क्रीनच्या कॅमेरा मेनूत शोधा. तिथं नसेल तर कॅमेऱ्याच्या केबलवर तारेचे छोटे लूप असतात, एक मिररचा, एक स्क्रीनवरच्या पार्किंगच्या रेघांचा. कोणता कशाचा ते खोक्यातल्या कागदावर बघूनच कापा. सगळ्यांचे रंग सारखे नसतात.

त्या लाल-पिवळ्या रेघा तुमच्या गाडीचं माप घेऊन काढलेल्या नाहीत, त्यावर लगेच भरवसा नको. मोकळ्या जागेत बंपरपासून अर्ध्या मीटरवर आणि एक मीटरवर खडूनं आडव्या रेघा मारा आणि कोणती कुठं पडते ते बघून घ्या.

टिळकवाडी_स्विफ्ट:
वायरमन, आमच्या गाडीतबी चित्र हलतंय. रविवारी खानापूरला आणू काय?

खानापूर_वायरमन:
आणा की. पण रविवारी बाजार असतो, स्टेशनकडनं या.