मदत हवी आहे: सेसना १७२च्या वार्षिक तपासणीला किती तास धरावेत?

माझं १९७५चं सेसना १७२एम हे छोटं विमान आहे, लायकमिंग ओ-३२० इंजिन. वार्षिक तपासणी जवळ आलीय. एका वर्कशॉपने ठरावीक रक्कम सांगितली, पण ती फक्त उघडून बघण्याची. जे सापडेल त्याची दुरुस्ती आणि सुटे भाग वेगळे. दुसरे तासावर पैसे घेतात आणि उघडल्याशिवाय आकडा देत नाहीत. त्यांचं म्हणणं मला पटतं, तरी विमान किती दिवस अडकणार याचा अंदाज हवाच.

लॉगबुकं लावून ठेवलीत, लागू असलेल्या एअरवर्दिनेस डायरेक्टिव्हची (सुरक्षेसाठीचे सक्तीचे आदेश) यादी पूर्ततेच्या तारखांसह तयार आहे. मागच्या कॉम्प्रेशन टेस्टला (सिलिंडर हवेचा दाब किती धरतो ते बघणं) चारही सिलिंडर ८० पैकी ७०च्या वर होते. ऑइल फिल्टर कापून पाहिला, धातूचे कण नाहीत. मॅग्नेटोची (स्पार्क प्लगना वीज देणारे भाग) ५०० तासांची तपासणी मात्र याच वेळी करावी लागेल, आणि ते बाहेर पाठवले तर वेळ तिथेच जाईल अशी धास्ती आहे.

स्वस्तातलं काम नकोय, नीट झालेलं हवंय.

असंच विमान असलेल्यांनी कृपया सांगा: दुरुस्ती सोडून निव्वळ तपासणीला मेकॅनिकचे किती तास लागले? आणि इन्स्पेक्शन पॅनल, सीट, काउलिंग (इंजिनावरचं आवरण) मेकॅनिकच्या देखरेखीखाली आपणच काढून दिलं तर बिल खरंच कमी होतं का?