नायट्रोजनमधला ऑक्सिजन: पॅलेडियम लावायचं की पीएसएच सुधारायचा?

तापीकाठ, जळगाव
आमच्या शेडमध्ये स्टीलची तार ॲनील होते, म्हणजे भट्टीत तापवून मऊ केली जाते; तिला ऑक्सिजन लागू नये म्हणून भट्टीत नायट्रोजन सोडतो. पीएसएचा (हवेतून नायट्रोजन वेगळा करणाऱ्या यंत्राचा) नायट्रोजन थंडीत कसाबसा निभतो. मे महिन्यात पारा 45 ला टेकला की शुद्धता 99.5 टक्क्यांवर घसरते आणि तार भट्टीतून निळसर होऊन येते. गिऱ्हाईक बोट फिरवून बघतं आणि बंडल परत. माझं ठाम मत: मागे पॅलेडियम या धातूचा डीऑक्सो, म्हणजे उरलेला ऑक्सिजन काढणारं भांडं, बसवा. ॲल्युमिनाच्या गोळ्यांवर पॅलेडियम असतं. मोजून हायड्रोजन सोडला की ऑक्सिजनचं पाणी होतं आणि गॅसमध्ये ऑक्सिजन काही पीपीएम (दहा लाखांत काही भाग) एवढाच उरतो. पुढे ड्रायर लागतोच.

अवधान, धुळे
अजिबात पटत नाही, भाऊ. ताशी 40 घनमीटर गॅस आणि 0.5 टक्के ऑक्सिजन धरला तर ताशी 0.4 घनमीटर हायड्रोजन लागेल. 7 घनमीटरचा सिलिंडर जेमतेम 17 तास. खान्देशच्या उन्हात, पत्र्याच्या शेडमध्ये रोज हे सिलिंडर कोण बदलणार? आधी कॉम्प्रेसरची हवा थंड करा. गरम हवेत पीएसएची कार्बनची चाळणी मार खाते, खरा आजार तिथे आहे.

तापीकाठ
हवा थंड करतोच. पण 99.9 च्या पुढे जायचं तर तेवढ्याच नायट्रोजनला हवा कितीतरी जास्त लागते, आणि ते वीजबिल दर महिन्याला भरायचं. शिवाय थोडा हायड्रोजन उरला तर स्टीलला उलट चकाकी येते.

वाघूरकर
स्टीलला येते, तांब्याला नाही! आम्ही मोटारीच्या वाइंडिंगची तार करतो. साध्या तांब्यात थोडा ऑक्सिजन असतोच. गरम तारेत हायड्रोजन शिरला की आत वाफ होते आणि तार ठिसूळ होते. दोनदा वाकवली की तुटते; असा अख्खा लॉट मी भंगारात घातलाय. तांब्याचं काम असेल तर डीऑक्सोच्या नादी लागू नका.

अवधान
आणि शेजारी कोणी पीव्हीसीचे तुकडे पेटवत असेल तर? तो क्लोरीनचा धूर कॉम्प्रेसरने ओढला की पॅलेडियम मेलं. गंधकाचंही तेच.

तापीकाठ
धुराचं मान्य. हवा घ्यायचा पाइप छपरावर, वाऱ्याच्या बाजूला नेतो आणि आधी कार्बन फिल्टर लावतो. तांब्याचंही मान्य, ते काम माझ्याकडे नाही. पण स्टीलसाठी मी डीऑक्सोच घेणार, आणि तापमानाचा ट्रिप (फार तापलं की आपोआप बंद करणारी सोय) लावल्याशिवाय चालू करणार नाही. 1 टक्का ऑक्सिजन जळला की गॅस सुमारे 160 अंशांनी तापतो. पीएसए बिघडला तर ते भांडं लाल व्हायला वेळ लागणार नाही.