ऑफिसच्या कॉम्प्युटरवरचे मेल गायब : सोसायटी ग्रुप, जुळे सोलापूर

*शनिवार*

सेक्रेटरी ए-३०४: नमस्कार मंडळी. सोसायटी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मेल बघायला गेलं की थंडरबर्ड (मेलचा प्रोग्रॅम) क्षणभर दिसतं आणि आपोआप बंद होतं. मघाशी एकदा कसंबसं उघडलं तर इनबॉक्स अख्खा रिकामा. ऑडिटरसाहेबांना एफडीचे आणि लिफ्टच्या एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) मेल सोमवारी द्यायचेत. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, नोटीस अजून काढायचीय. यातलं कुणाला कळतं का?

सी-४०१: काका, अनइन्स्टॉल करून परत टाका. पाच मिनिटांचं काम.

अण्णा बी-२०३: फॉरमॅट मारा मालक. मशीन लई जुनं झालंय ते.

ताई ए-१०४: फॉरमॅट अजिबात नको!! काका, प्रोग्रॅम बंदच ठेवा, सारखं उघडून बघू नका. आधी दोन गोष्टी सांगा. मेल जीमेलचा आहे का आपल्या डोमेनचा, म्हणजे सोसायटीच्या स्वतःच्या नावाच्या पत्त्याचा? आणि सी ड्राइव्हवर जागा किती उरलीय?

सी-४०१: ताई, अनइन्स्टॉलने मेल जात नाहीत पण. प्रोफाइल, म्हणजे मेल आणि सेटिंगचा साठा, वेगळ्या फोल्डरमध्ये असतं.

ताई ए-१०४: बरोबर. म्हणूनच परत टाकून फायदा पण नाही. बिघाड प्रोफाइलमध्ये असला तर नवं थंडरबर्ड तेच बिघडलेलं प्रोफाइल उचलणार. आणि अनइन्स्टॉल करता करता कुणीतरी "साफसफाई" म्हणून तो फोल्डरही उडवतो, मग बसा.

सेक्रेटरी ए-३०४: आयडी डोमेनची आहे, बिल्डरने सुरुवातीला करून दिलेली. सी ड्राइव्हवर लाल पट्टी दिसतेय. ३१० एमबी शिल्लक.

ताई ए-१०४: मग निम्मं उत्तर इथंच मिळालं. कशाने भरला ते बघू. दुपारी लाईट गेली होती तेव्हा ते चालू होतं का?

सेक्रेटरी ए-३०४: चालूच असणार. यूपीएसची बॅटरी गेल्या सभेपासून बदलायचीच राहिलीय.

बी-१०१ खजिनदार: बॅटरीचं कोटेशन मी दोनदा टाकलंय ग्रुपवर. वर जाऊन बघा.

आजोबा सी-१०२: माझे मेल तर मोबाइलवर व्यवस्थित दिसतात. मग ऑफिसचेच कसे जातात? सगळे मेल शेवटी इंटरनेटवरच असतात ना?

ताई ए-१०४: आजोबा, तुमचे असतात. तुमचं खातं आयमॅपसारखं चालतं, म्हणजे मूळ मेल सर्व्हरवर, मोबाइलमध्ये नुसती प्रत. मोबाइल पाण्यात पडला तरी मेल जागेवर. ऑफिसचं खातं पॉपवर आहे. त्यात मेल सर्व्हरवरून उतरवून आपल्या हार्ड डिस्कवर येतो, आणि सर्व्हरवरचा काही दिवसांनी पुसला जातो. काका, ब्राउझरमधून वेबमेल उघडा आणि तिथं किती जुने मेल दिसतात ते सांगा.

सेक्रेटरी ए-३०४: गेल्या दोन आठवड्यांचेच दिसतायत. त्याआधीचं काही नाही.

ताई ए-१०४: तेच म्हटलं. सर्व्हरवर १४ दिवस ठेवायचं सेटिंग असणार. म्हणजे आधीचं सगळं फक्त त्या एका कॉम्प्युटरवर आहे. दुसरी प्रत जगात कुठंच नाही. म्हणून हात लावायचा तो जपून.

बी-३०२ वहिनी: मध्येच सांगते, उद्या पाणी आहे. सकाळी लवकर टाक्या भरून घ्या.

खजिनदार बी-१०१: गुगलवर ईमेल सपोर्टचा टोल फ्री नंबर मिळाला. २४ तास चालू आहे म्हणे. इथं टाकतो. ते लांबून कॉम्प्युटर बघून दुरुस्त करतात.

ताई ए-१०४: मालक, तो नंबर टाकू नका, आणि लावलात तर काही सांगू नका. असे बरेच नंबर फसवणाऱ्यांचे असतात. स्क्रीन शेअरचं ॲप टाकायला लावतात आणि मेल राहतो बाजूला, बँक उघडायला सांगतात. त्याच कॉम्प्युटरवर सोसायटीचं नेट बँकिंग आहे. कुणाचं असं काही झालंच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करायचा, जितका लवकर तितकं बरं.

खजिनदार बी-१०१: बरं बाई. नाही टाकत.

अण्णा बी-२०३: ताई, फॅक्टरीत माझं पण असंच करायलंय ओ. आउटलुक आहे. मध्येच गोठतंय, मेल येईना झालेत. तेव्हाच विचारणार होतो.

ताई ए-१०४: अण्णा, तुमचं नंतर. आधी ऑफिसचं. मी खाली येतेय. काका, एक रिकामा पेन ड्राइव्ह असू द्या.

*तासाभराने*

सी-४०१: काय झालं मग? इथं लिहा ना, आम्हालापण कळू दे.

ताई ए-१०४: लिहिते, कारण हे परत कुणाला तरी लागणारच. सगळ्यात आधी थंडरबर्ड बंद करून प्रोफाइलची प्रत काढायची. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबलं की छोटी चौकट येते. तिच्यात टक्क्याचं चिन्ह, ॲपडेटा, पुन्हा टक्क्याचं चिन्ह असं मध्ये जागा न सोडता इंग्रजीत लिहून एंटर. आत थंडरबर्ड, त्याच्या आत प्रोफाइल्स. तो अख्खा फोल्डर उचलून बाहेर ठेवायचा. दुरुस्ती त्यानंतर. आमच्या टॉवेल एक्सपोर्टच्या ऑफिसात हा नियमच आहे, बायरचे मेल गेले तर शिपमेंट अडकते.

सेक्रेटरी ए-३०४: आणि पेन ड्राइव्हवर जाईना! ३२ जीबीचा रिकामा ड्राइव्ह, तरी म्हणे फाइल फार मोठी आहे.

ताई ए-१०४: हो. पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असला की ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल तो घेतच नाही, जागा कितीही असो. आपली इनबॉक्सची फाइल ५.२ जीबी निघाली. माझी बाहेरची हार्ड डिस्क आणली, तिच्यावर गेली.

सी-४०१: एक फाइल ५ जीबी?? प्रत्येक मेलची वेगळी फाइल नसते का?

ताई ए-१०४: थंडरबर्ड नेहमीच्या पद्धतीत एका फोल्डरचे सगळे मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये एकामागे एक लिहीत जातं. एमबॉक्स म्हणतात. त्या फाइलच्या नावाला शेपूट नसतं, नुसतं इनबॉक्स. शेजारी त्याच नावाची पण एमएसएफ शेपटीची छोटी फाइल असते, ती फक्त सूची. चादरींचा गठ्ठा आणि त्यावर लावलेली चिठ्ठी समजा. चिठ्ठी फाटली की गोदामात वाटतं माल नाही. माल आतच असतो.

आजोबा सी-१०२: म्हणजे आपली चिठ्ठी फाटली.

ताई ए-१०४: हो आजोबा. ओळखायचं कसं, तर फाइलचा आकार बघून. स्क्रीनवर इनबॉक्स रिकामा पण डिस्कवर फाइल ५ जीबी, म्हणजे मेल शाबूत असायची शक्यता खूप, सूची बिघडलीय. तीच फाइल शून्य केबी दिसली असती तर मी आधी अँटीव्हायरसचा क्वारंटाइन उघडला असता. एखाद्या जुन्या मेलला चिकटलेली व्हायरसवाली फाइल सापडली की काही अँटीव्हायरस तो एक मेल न काढता अख्खी इनबॉक्स फाइलच उचलून कोंडून ठेवतात. तिथून ती परत आणता येते, पण लोकांना माहीत नसतं आणि ते क्वारंटाइन रिकामा करून बसतात. म्हणून प्रोफाइलचा फोल्डर अँटीव्हायरसच्या तपासणीतून वगळलेला बरा. येणारी अटॅचमेंट उघडताना ती तपासतंच.

खजिनदार बी-१०१: पण बंद का पडत होतं ते सांगा. परत पडलं तर?

ताई ए-१०४: जागा. डेस्कटॉपवर सीसीटीव्हीच्या फूटेजचा फोल्डर होता, त्याने सी ड्राइव्ह खाल्ला होता. नवे मेल उतरवायला आणि फाइली आवळायला थंडरबर्डला तात्पुरती मोकळी जागा लागते. ती नाही, त्यात दुपारी लाईट गेली, लिहिता लिहिता सूची अर्धवट राहिली. फूटेज डी ड्राइव्हला हलवलं.

सी-४०१: फूटेज डेस्कटॉपवर कुणी ठेवलं 😄

सेक्रेटरी ए-३०४: तो विषय सभेत.

ताई ए-१०४: जागा झाल्यावर शिफ्ट दाबून धरून थंडरबर्ड सुरू केलं. मग ते ट्रबलशूट मोडमध्ये उघडायचं का विचारतं, त्यात ॲड-ऑन (वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम) बंद असतात. त्यात नीट चाललं आणि साध्या पद्धतीने नाही, तर दोष ॲड-ऑनचा. आपलं दोन्हीकडे चाललं. मग इनबॉक्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, रिपेअर फोल्डर. हे बटण सूची फेकून मूळ फाइल वाचून नवी बनवतं. एमएसएफ हाताने डिलीट केली तरी तेच होतं, पण मी ते सांगणार नाही. दोन फाइलींची नावं सारखी, एखादा चुकून मोठी उडवायचा.

सेक्रेटरी ए-३०४: बराच वेळ काहीच हलत नव्हतं. मी म्हटलं परत बंद पडलं. ताईंनी माऊसला हात लावू दिला नाही. मग एकदम भसाभसा मेल आले. २०१७ पासूनचे!

बी-३०२ वहिनी: 👏👏

अण्णा बी-२०३: भारी. आता माझं घ्या.

ताई ए-१०४: अण्णा, कुठलं आउटलुक? आणि पीएसटी फाइल, म्हणजे आउटलुक सगळे मेल ज्यात ठेवतं ती, केवढी आहे?

अण्णा बी-२०३: २००७. मुनीम म्हणतोय १९.८ जीबी.

ताई ए-१०४: बघा. २००३ आणि २००७ च्या आउटलुकला पीएसटीची मर्यादा २० जीबी असते. २०१० पासून पुढे ५० जीबी. त्याच्याही आधीच्या जुन्यांमध्ये फक्त २ होती. तुमची फाइल काठोकाठ आलीय, म्हणून मेल येईनात. फाइल कुठल्या मशीनवर आहे?

अण्णा बी-२०३: मुनीमच्या मशीनवर. शेअर केलीय, मी माझ्या केबिनमधून तीच उघडतो.

ताई ए-१०४: अरे देवा. पीएसटी लॅनवरून, म्हणजे नेटवर्कमधून दुसऱ्या मशीनवरची, उघडायची नसते. मायक्रोसॉफ्ट स्वतःच नको म्हणतं. केबल जरा हलली तरी फाइल बिघडू शकते. सोमवारी एवढं करा. दोन्हीकडे आउटलुक बंद. फाइलची प्रत वेगळ्या डिस्कवर. मग प्रोग्रॅम फाइल्समध्ये मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या आत ऑफिस-१२ फोल्डर आहे, त्यात स्कॅनपीएसटी नावाचा प्रोग्रॅम मिळेल. त्याला फाइल दाखवायची. तो विचारेल बॅकअप ठेवू का, तिथली खूण काढायची नाही. चुका सापडणं संपेपर्यंत पुन्हा पुन्हा चालवायचा. ज्या मेलचा मूळ फोल्डर कळत नाही ते तो लॉस्ट अँड फाउंडमध्ये टाकतो, ते बघायला विसरू नका.

अण्णा बी-२०३: आणि २० जीबीचं?

ताई ए-१०४: वर्षाची एक अशा नव्या पीएसटी करून जुने मेल तिकडं हलवा. नुसतं हलवून फाइल बारीक होत नाही हं. नंतर डेटा फाइलच्या सेटिंगमध्ये कॉम्पॅक्ट नाऊ दाबायचं, तेव्हा उतरते. आणि उघडतच नसेल तर कंट्रोल दाबून धरून आउटलुकवर क्लिक करा, सेफ मोडमध्ये उघडेल. तरी माझं मत विचाराल तर २००७ आता सोडा. २०१७ पासून त्याला सुरक्षेचे अपडेट येत नाहीत. अक्कलकोट रोडवर निम्म्या फॅक्टऱ्यांत अजून तेच चालतंय ते वेगळं.

अण्णा बी-२०३: चालतंय तोवर चालवायचं म्हणून ठेवलंय. बघतो.

खजिनदार बी-१०१: ताई, एफडीचे मेल मिळाले, पण लिफ्टवाल्यांचं मे महिन्याचं कोटेशन नाही. ट्रॅशमध्येही नाही.

ताई ए-१०४: ट्रॅश रिकामा झालाय. पण एक जागा उरते. थंडरबर्डमध्ये मेल डिलीट केला की तो इनबॉक्सच्या फाइलमधून लगेच पुसला जात नाही, त्याच्यावर फक्त खूण होते. एक्स-मोझिला-स्टेटस अशी ओळ असते, तिच्यात ०००८ किंवा ०००९ असेल तर मेल लपवलेला. प्रतीमध्ये तो आकडा ०००१ केला आणि सूची नव्याने बनवली की मेल परत दिसतो. फोल्डर कॉम्पॅक्ट होईपर्यंतच, म्हणजे खूण केलेले मेल काढून फाइल आवळली जाईपर्यंतच, हे जमतं. म्हणूनच मगाशी काकांना कॉम्पॅक्टला हात लावू दिला नाही. साधं नोटपॅड एवढ्या फाइलपुढं मान टाकतं, माझ्या लॅपटॉपवर शोधते.

*रविवार*

ताई ए-१०४: शोधलं. विमा पॉलिसीचा एक आणि टेरेस गळतीचे काही डिलीट झालेले मेल परत आले, "परत मिळालेले" नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेत. लिफ्टचं कोटेशन नाही. मधल्या काळात थंडरबर्डने आपणहून कॉम्पॅक्ट केलेलं असणार, जागा बऱ्यापैकी वाचत असली की ते करतं. त्या मेलची आशा सोडा आणि पैसे मागणारं रिकव्हरी सॉफ्टवेअर त्यासाठी घेऊ नका.

सेक्रेटरी ए-३०४: मग ऑडिटरना काय देऊ?

ताई ए-१०४: लिफ्टवाल्यांनाच सांगा काका. पाठवणाऱ्याच्या सेंटमध्ये असतोच की मेल. फॉरवर्ड करायला सांगा, जुनी तारीख त्यात दिसेल.

सी-४०१: आणि आता तरी पॉपचं आयमॅप करून टाका.

ताई ए-१०४: तेच करायचंय, पण आहे ते खातं बदलता येत नाही. आयमॅपचं नवं खातं जोडायचं, डोमेनवाल्यांकडे जागा किती आहे ते विचारायचं आणि मग मेल ओढून तिकडं टाकायचे. तोवर जुने मेल लोकल फोल्डरमध्ये वर्षवार लावते, एक फाइल ५ जीबी नको. खजिनदारसाहेब, एक बाहेरची हार्ड डिस्क मंजूर करा, माझी मला परत हवीय.

खजिनदार बी-१०१: बॅटरी आणि डिस्क एकत्रच घेऊ. कोटेशन नव्याने मागवतो.

सेक्रेटरी ए-३०४: लिफ्टवाल्यांशी बोललो, संध्याकाळपर्यंत पाठवतो म्हणाले. एफडीचे मेल ऑडिटरना गेले. सभेची नोटीस उद्या बोर्डावर लावतो.