आधी नंबर सेव्ह करून घ्या

रोजचं बायबलचं वचन दोनशे जणांना व्हॉट्सअ‍ॅप ब्रॉडकास्टने (एकच संदेश एकदम अनेकांना) पाठवतो, पण कुणाचंच उत्तर येत नाही, अशी तुमची तक्रार आहे. अहो, व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात खरे, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच संदेश पोचतो! भायखळ्याच्या आमच्या मंडळीतही (चर्चमध्येही) हाच घोळ होता. शेवटी रविवारी उपासना सुटल्यावर तरुण संघाची पोरं दाराशी उभी राहिली आणि एकेकाच्या फोनात पाळकसाहेबांचा नंबर घालून दिला.

आणि लांबलचक लिहिण्यापेक्षा दीड मिनिट बोलून पाठवा. लोकलमध्ये दांडीला लटकून वाचणार कोण?