नम्पायमध्ये (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) एम्प्टीने अ‍ॅरे बनवला तर बेरीज कधी बरोबर, कधी भलतीच, असं का?

पाऊसपाणी
मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीये. वर्षभराचा रोजचा पाऊस आहे मिलिमीटरमध्ये, त्याची महिनावार बेरीज हवीये, म्हणून एनपी डॉट एम्प्टीला 12 देऊन 12 घरांचा अ‍ॅरे बनवला आणि लूपमध्ये त्या त्या महिन्याच्या घरात प्लस-इक्वल्स (आहे त्यात मिळवणं) करत गेलो. ज्युपिटर (कोड सेल-सेलने चालवायची नोटबुक) नवीन चालू केलं की बहुतेकदा उत्तर बरोबर, तोच सेल परत परत रन केला की जून एकदम दुप्पट. डेटा तोच, कोड तोच! सुरुवातीला सगळी शून्यंच असतात ना त्यात? झिरोज (शून्यांनी भरून देणारं फंक्शन) स्लो असतं असं वाचलेलं म्हणून ते टाळलं.

बिटबहाद्दर
नसतात हो. एम्प्टी नुसती जागा देतं, झाडून देत नाही. आधीचे जे बिट्स तिथे पडलेत तेच आकडे म्हणून दिसतात. तुमचा अ‍ॅरे 12 घरं गुणिले प्रत्येकी 8 बाइट म्हणजे 96 बाइटचा, आणि एवढे बारके तुकडे नम्पाय मोकळे झाले तरी स्वतःजवळ ठेवून पुन्हा वापरतं, म्हणजे आधीच्या एखाद्या रनची बेरीज तुमच्या हातात येऊ शकते आणि तुम्ही तिच्यावरच पुढे मिळवत बसता. झिरोज वापरा, विषय संपला.

कोकणी_कोडर
आणि ते स्लो प्रकरण 12 घरांसाठी कशाला काढताय राव 😄 मोठ्या अ‍ॅरेलाही फार फरक नसतो. 10000 बाय 10000 चा फ्लोट64 (दशांश आकड्यांचा) अ‍ॅरे 800 एमबीचा, तरी लिनक्सवर झिरोज चटकन परत येतं कारण ते कॅलॉक (शून्य केलेली मेमरी मागायचं सी भाषेतलं फंक्शन) वापरतं, आणि शून्य केलेली पानं (मेमरीचे तुकडे) ओएस तुम्ही पहिल्यांदा हात लावाल तेव्हा देते. वन्स (सगळीकडे 1) आणि फुल (सगळीकडे दिलेला आकडा) मात्र खरंच प्रत्येक घरात लिहीत जातात, तिथे वेळ जातो. एम्प्टी तेव्हाच, जेव्हा प्रत्येक घर तुम्ही स्वतः भरणार याची खात्री असेल. बेरजेत ते नकोच.

पाऊसपाणी
ओके, झिरोज केलं, आता दर वेळी सारखंच येतंय. दुसऱ्या फाइलसाठी झिरोज_लाइक (दिलेल्यासारखाच, पण शून्यांचा) वापरू का? तिथे महिन्यांचा 12 आकड्यांचा अ‍ॅरे आयता आहे.

बिटबहाद्दर
थांबा! महिने इंटमध्ये (पूर्णांकात) असणार, मग झिरोज_लाइक पण इंटच देणार. त्यात एकेका घरात 2.7 मिळवलंत तर एरर नाही, वॉर्निंग नाही, गुपचूप 2 होतं. अख्ख्या अ‍ॅरेत एकदम मिळवलं असतं तर निदान ओरडलं तरी असतं. डीटाइप (आकड्यांचा प्रकार) फ्लोट सांगून द्या.

कोकणी_कोडर
मी तर म्हणतो लूपच काढा. बिनकाउंटला (नम्पायचं गटवार मोजणी-बेरजेचं फंक्शन) महिन्याचा कॉलम द्या, वेट्समध्ये पाऊस, मिनलेंथ (किमान घरं) 13, आणि शून्याचं घर सोडून द्या कारण महिने 1 पासून आहेत. वेट्स दिले की उत्तर फ्लोटमध्येच येतं.