मदत हवी आहे: धाकट्या भावाची ट्रॅमाडॉलची सवय

पाठदुखीसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांपासून हे सुरू झालं. दुखणं कधीच थांबलंय, गोळ्या थांबल्या नाहीत. उलट वाढत गेल्या. परवा त्याच्या बॅगेत रिकामी पाकिटं सापडली, तेव्हा त्याने स्वतःच कबूल केलं. रडला खूप.

बाबांचं म्हणणं, खोलीत चार दिवस कोंडून ठेवू, आपोआप सुटेल. मला ते पटत नाही. ट्रॅमाडॉल हे अफूच्याच जातकुळीतलं औषध. एकदम बंद केलं की अंगदुखी, जुलाब, घाम, झोप उडणं, प्रचंड बेचैनी. जास्त डोसने फिट्सही येऊ शकतात. आणि मला खरी भीती पुढची वाटते: काही आठवडे बंद राहिलं की शरीराची सहनशक्ती उतरते, मग जुनाच डोस घेतला तर श्वास थांबून जीव जाऊ शकतो. हे बाबांना कसं समजावू?

ज्यांच्या घरात कुणी यातून गेलंय त्यांना विचारायचंय. डोस हळूहळू कमी करत आणला की ब्युप्रेनॉर्फिन (अशा गोळ्या सोडवताना तलफ आणि त्रास आवरायला देतात ते औषध) दिलं? भरती करावं लागलं का, की घरी राहून जमलं? मानसोपचारतज्ज्ञांकडे पहिल्या भेटीत काय काय सांगायचं? तो रात्री झोपेची गोळीही घेतो, तेही सांगणारच आहे, कारण ही दोन्ही एकत्र फार वाईट.

आणि हो, ‘व्यसनी’ म्हणून प्रवचन नको, प्लीज. ते घरात रोज चालूच आहे.